घरचा ग्लास

ग्लास बाटलीच्या झाकणावर उभा होता — स्टीलचा, रिकामा, काठाला एक बारीक पोचा गेलेला, आणि इतक्या जपून ठेवलेला की ठेवणाऱ्याने हात काढून घेतल्यावरही त्याची बोटं थोडा वेळ हवेत तशीच राहिली आहेत असं अश्वजितला वाटलं. बाकाच्या टोकाला बाटली, बाटलीवर ग्लास, ग्लासात काही नाही. पाणी प्यायला ग्लास लागतो हे समजण्यासारखं आहे, बाटलीला झाकण लागतं हेही समजण्यासारखं आहे; पण ग्लास झाकणावर कशासाठी? वस्तू उंचावर ठेवतात ती कोणापासून तरी उंचावर ठेवतात. लेकरांपासून औषध, मांजरापासून दूध. या हॉलमध्ये लेकरू नव्हतं. मांजरही नव्हतं. अश्वजित होता.

मी आज कोणावर शक घ्यायचा नाही... हे त्याने सकाळी नांदेडहून एसटीत बसतानाच ठरवलं होतं आणि लोह्यापर्यंत पाळलंही होतं. लोह्याला शेजारी येऊन बसलेल्या म्हाताऱ्याने त्याच्याकडे एकदा नीट पाहून खिडकीची काच ओढून घेतली, तेव्हा तिथून अहमदपूरपर्यंत तो विचार करत राहिला की वारा लागत होता म्हणून ओढली, की मला बघून ओढली — आणि मला बघून कोणी काच का ओढील, काचेचा आणि माझा काय संबंध — तोवर म्हातारा उतरूनही गेला होता आणि काच तशीच बंद होती आणि अश्वजित घामाने निथळत तिच्याकडे पाहत बसला होता. उघडली असती तर आपण हार मानली असं झालं असतं. कोणासमोर, ते माहीत नाही.

हॉल लातूरच्या औसा रोडवरच्या एका कोचिंग क्लासचा होता. दिवाळीची सुट्टी, म्हणून संस्थेला दिवसभरासाठी मिळाला होता. भिंतीवर ओळीने पहिल्या आलेल्या पोरापोरींचे फोटो, प्रत्येकाच्या खाली टक्के. चौघंजण त्या फोटोंच्या देखरेखीखाली नापास झाल्यासारखे बाकांवर बसलेले. संस्था तशी लहानच. नेपाळातल्या एका डोंगरी गावातली शाळा भूकंपात पडली होती, तिच्या नव्या खोल्या बांधायला ही माणसं दिवाळीनंतर निघणार आणि शिमग्याला परत येणार होती. त्याआधी सोबत्यांनी एकमेकांना भेटावं म्हणून आजचा दिवस.

"तिथं गेल्यावर एकमेकांची तोंडं बघून कंटाळा येणारच आहे," रुद्राणीताई म्हणाल्या होत्या. त्या या सगळ्याच्या प्रमुख, लातूरच्याच, आवाज असा की माईक लाजावा. "म्हणून इथंच एकदा बघून घ्या. दोन खोल्या हाईत. एकीत मी आणि तनुजा. दुसरीत तुम्ही दोघं. कुणाला कुणासंगं राहणं जमणार नसंल तर आजच सांगा, संध्याकाळी मी तिकडं नावं कळवायलेय. आणि एक ध्यानात ठेवा, जोडीतला एक गळाला की दुसराबी गळाला. एकट्याला खोली न्हाई."

दुसरा म्हणजे ग्लासवाला. सुदर्शन.

आणि अश्वजितला गळून चालणार नव्हतं. उमरीत त्याचा सत्कार आधीच झाला होता. शाल, नारळ, आणि चौकात फ्लेक्स — फ्लेक्सवाल्याने परदेश म्हणून त्याच्या पाठीमागे पिसाचा कलता मनोरा लावला होता, आणि भूकंपाच्या कामाला जाणाऱ्या माणसामागे कललेली इमारत बघून कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण फ्लेक्स हे वरवरचं कारण. खरं कारण त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. नांदेडला गुत्तेदाराच्या हाताखाली नाल्यांवर सुपरवायझरी करताना त्याला एकदा असं एक गाव हवंसं वाटलं होतं, जिथे आपण आपलं नाव सांगावं आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा हलू नये. नेपाळात या बाबतीत फारसा फरक नाही हे त्याने नंतर वाचलं, पण तोवर फ्लेक्स लागला होता.

चेहऱ्यावर काय हलतं याचा त्याचा अभ्यास मोठा. 'गायकवाड' या आडनावाला तसा आडपडदा होता; सगळ्यांत असतात गायकवाड, म्हणून लोकांना 'कोणते गायकवाड?' असं विचारावं लागतं. पण त्या पडद्याच्या पुढे 'अश्वजित' उभा राहून हात हलवत असायचा. वडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव, त्याला स्वतःला फार आवडायचं... आणि ते उच्चारलं की समोरून काहीतरी निघायचंच. कोणाचा आवाज एकदम साखरेत बुडायचा. कोणी उगाच मोठ्याने जय भीम घालायचा आणि मग आपण घातला हे कोणी ऐकलं का म्हणून इकडेतिकडे बघायचा. आणि बहुतेकांचा नुसता एक क्षण निसटायचा, डोळ्यांतून काहीतरी आत जाऊन परत यायचं, त्या निसटत्या क्षणाचा तर तो जाणकारच होता. प्रत्येकासाठी त्याच्याकडे उत्तरं तयार असायची, पॉलिश केलेली, बऱ्याच वर्षांच्या वापरातली. आज येताना ती सगळी बरोबर आणली होती.

सकाळी ओळखी झाल्या तेव्हा सुदर्शन म्हणाला होता, "मी सुदर्शन. किल्लारीच्या अलीकडचं गाव. शाळेत चित्रकला शिकवतो, तासिकेवर." बस्स. आडनाव नाही.

"मी अश्वजित. अश्वजित गायकवाड. मूळचा उमरीचा."

"हां," सुदर्शन म्हणाला. चेहऱ्यावर काही हललं नाही. अश्वजित वाट पाहत राहिला. तेव्हा सुदर्शन जरा पुढे वाकला आणि त्याने विचारलं, "घर कशाचं हाय तुमचं?"

"म्हंजे?"

"पत्र्याचं, का स्लॅबचं?"

आजवर त्याला गाव विचारलं गेलं होतं, गावात घर कोणत्या अंगाला ते विचारलं गेलं होतं, वडील काय करतात, मामाचं गाव कोणतं, तुमच्यात लग्न कसं लावतात — पण छत कोणी विचारलं नव्हतं. जुन्याच प्रश्नाचं हे नवं मॉडेल असणार. पत्रा म्हणजे कोण, स्लॅब म्हणजे कोण, मातीचं असलं तर कोण, असं काही कोष्टक या लोकांनी बसवलं असेल. वर नुसती काळजी, आत सगळा हिशोब. वा, डोकं आहे...

"स्लॅब," तो म्हणाला, छाती पुढे काढून. त्याच्या वडिलांनी सगळं आयुष्य त्या स्लॅबखाली घातलं होतं — म्हणजे स्लॅब व्हायच्या आधी, त्याच्या नावाखाली — आणि टाकला त्या आठवड्यात वर चढून असा फोटो काढला होता की खाली घर दिसत नाही, माणूस दिसत नाही, नुसता स्लॅब दिसतो आणि त्याच्या कडेला दोन पायांचे अंगठे.

"च्..." सुदर्शन म्हणाला.

कोणाचा अपघात झाल्याचं कळल्यावर माणूस करतो, तसा आवाज. मग तो तनुजाकडे वळला. ती निलंग्याची, दवाखान्यात नर्स, सुदर्शनपेक्षा लहान, तरी त्याला एकेरीत 'ए दादा' म्हणत होती. "तुमचं?"

"पत्र्याचं. उन्हाळ्यात सगळे भाजून निघतो बघ."

"बेस," सुदर्शन म्हणाला, आणि इतका मनापासून हसला की अश्वजितला ते हसू मोजता येईना. तिचं पत्र्याचं आहे याचा आनंद? की माझं स्लॅबचं आहे याचं दुःख? आमच्या डोक्यावर स्लॅब आला हे अजून कितीजणांना सोसत नाही... आणि मग त्या माणसाने पिशवीतून घरून आणलेला ग्लास काढला, बाटलीवर ठेवला, आणि त्यातून काही प्यायलाच नाही.

खरं म्हणजे सगळी गोम तिथेच होती. हॉलमध्ये पाण्याचा जार होता, शेजारी ताटलीत ग्लास होते, सगळे त्यातून पीत होते. सुदर्शनने मात्र बाटली उचलली की आधी ग्लास खाली उतरवायचा, मान वर करून वरूनच धार तोंडात सोडायची, कुठेही ओठ न लावता, झाकण लावायचं आणि ग्लास पुन्हा वर. चहा आला तर "मी घेत न्हाई." सगळ्यांच्या कपांकडे एकदा बघून म्हणाला. मराठवाड्यात चहा न घेणारा माणूस... बरं, असेल. पण स्वतःचा ग्लास घेऊन फिरणारा आणि त्यात काहीही न पिणारा माणूस?

ही युक्ती तर आमची होती!

दुपारी जेवणाआधी आईचा फोन आला. सरजाबाईंना फोनवर बोलताना आपण उमरीहून बोलतो आहोत हे विसरता यायचं नाही. तेवढं अंतर आवाजाने कापायचं असा त्यांचा समज.

"कोन कोन हाय सोबत?"

"चौघं हावोत. दोन बाया, आम्ही दोघं."

"तो दुसरा कुठला?"

"किल्लारीकडचा."

"आडनाव काय त्याचं?"

अश्वजितच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण याच्या छताचा, ग्लासाचा, ओठांचा विचार करून राहिलो आहोत आणि याचं आडनाव आपल्याला माहीत नाही.

"सांगितलं न्हाई त्यानं."

"मंग इचार की."

"आई, असं कुणाला विचारत न्हाईत."

"आपल्याला इचारत्यात की."

"म्हणूनच न्हाई विचारत."

पलीकडे थोडा वेळ नुसता उमरीचा आवाज आला — कोंबडी, कोणाची तरी मोटरसायकल, धाकट्या बहिणीचं, लुंबिनीचं 'मला दे की फोन'. मग आई म्हणाली, "आज्याचा ग्लास काढलास का पिशवीतून?"

"इथं हायत ग्लास."

"असू दे. आपला आपल्यापाशी असावा, बाळा. कुणी देतंय का, कशात देतंय, ह्याची वाट बघत बसू न्हाई."

तो ग्लास त्याच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळून, तळाशी होता. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव — ज्ञानोबा. आजोबा मुखेडच्या बाजाराला जायचे तेव्हा तिथल्या एका हॉटेलात त्यांच्यासाठी कान तुटलेला कप वळचणीला खोचलेला असायचा. आपणच काढायचा, आपणच विसळायचा, परत खोचून ठेवायचा. एका बाजारी त्यांनी स्टीलचा ग्लास घेतला, नाव कोरून घेतलं, हॉटेलात गेले, आणि हॉटेलवाला वळचणीकडे बोट करायच्या आत पिशवीतून ग्लास काढून पुढे धरला. "ह्यात ओत. तुमचा कप मला चालत न्हाई." हॉटेलवाला ओतता ओतता थांबला म्हणतात — कोणाला कोणाचं चालत नाही हे त्याला एकदम उमजेना. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली होती की हॉटेलवाल्याच्या हातातली किटली किती वाकलेली होती तेही अश्वजितला दिसायचं... आणि आता हा किल्लारीकडचा मास्तर, आमच्या आजोबांचं हत्यार घेऊन, आमच्याच समोर.

जेवायला रुद्राणीताईंनी धपाटे आणले होते. अश्वजितने मुद्दाम आपला डबा उघडून सगळ्यात आधी सुदर्शनपुढे केला. आईने केलेल्या शेंगाच्या पोळ्या. बघू आता.

सुदर्शनने पोळी घेतली आणि खाल्ली.

फार लवकर खाल्ली. माणूस आधीपासून मनाशी ठरवून आलेला असतो तेव्हाच इतक्या लवकर खातो, असं अश्वजितला वाटलं.

"आणिक एक घेऊ का?" सुदर्शन म्हणाला. "लई भारी झाल्यात."

दुसरीही मागितली — म्हणजे तर फारच ठरवून आला होता.

"मायनं केल्या का?"

"हो."

"सांगा त्यांना," सुदर्शन तोंडातल्या घासामागून म्हणाला, आणि काय सांगायचं ते सांगितलं नाही. तनुजाने तेवढ्यात तिसरी उचलली आणि म्हणाली, "दादा, तुम्ही असं एकेका घासाकडं काय बघायलाव? विष बिष घातलंय का?" सगळे हसले. अश्वजितही हसला. हसताना त्याने पाहिलं की सुदर्शन सगळ्यांच्या नंतर हसला.

जेवणानंतर बायका शेजारच्या खोलीत पंख्याखाली गेल्या. या दोघांसाठी हॉलमध्ये सतरंज्या टाकलेल्या होत्या, पंख्याच्या बरोबर खाली, शेजारी शेजारी. अश्वजित एकीवर बसला. सुदर्शनने दुसरी उचलली, झटकली, आणि ओढत दारापर्यंत नेली. दाराच्या उंबऱ्याशी अंथरली — तिथे वारा नाही, ऊन पायावर, रस्त्याची धूळ थेट नाकात.

"इकडं पंखा हाय," अश्वजित म्हणाला.

"असू द्या. मला इथंच बरं."

झालं. यापेक्षा स्पष्ट काय पाहिजे होतं? कोणी कागदावर लिहून देतं का? उन्हात भाजेन, धूळ खाईन, पण तुझ्या शेजारी... आणि पोळ्या? पोळ्या खाल्ल्याच ना. पोळी पोळीच्या जागी, झोप झोपेच्या जागी. असे लोक त्याने पाहिले होते, बाहेर हॉटेलात एका ताटात आणि घरी गेल्यावर ओसरीवरूनच राम राम. तो डोक्याखाली पिशवी घेऊन आडवा झाला. पिशवीतला ग्लास मानेला टोचत होता. डोळे मिटले तरी दिसत होतं की तिकडे सुदर्शनने आपल्या उशाशी बाटली उभी केली आहे, तिच्यावर ग्लास ठेवतो आहे, हात थरथरू नये म्हणून श्वास धरून... देव मांडल्यासारखा. आणि मग तो दोन्ही हात छातीवर घेऊन लगेच झोपलाही.

शिमग्यापर्यंत. एका खोलीत. बाहेर बर्फ. याची सतरंजी दाराशी आणि मी भिंतीशी, आणि मधे सगळा हिवाळा. संध्याकाळी ताईंना सांगून टाकायचं, जमत नाही म्हणून. कारण विचारलं तर? 'त्याने त्याचं आडनाव सांगितलं नाही.' हे कारण म्हणून कोणापुढे ठेवता येईल का? 'त्याने माझ्या आईच्या पोळ्या खाल्ल्या.' हे तर त्याहून वाईट. आणि मी गळालो तर तोही गळाला — बरं होईल, गळू दे... पण फ्लेक्स. आणि आई म्हणेल, बुद्धाच्या लुंबिनीची माती आणायची राहिली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पुन्हा नांदेडच्या नाल्यावर उभं राहून 'ए गायकवाड' ऐकायचं, आणि ज्या गावाला आपण पोचलोच नाही तिथे आपलं नाव कसं ऐकू आलं असतं, याचा...

तेव्हा हॉल थरथरला.

बाहेर रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता, मागे दोन ट्रॉल्या, वर गाणी. पण हे सगळं नंतर कळलं. आधी फक्त ठण्णकन् आवाज झाला, आणि त्या आवाजाची गिरकी फरशीवर संपायच्या आत कोणीतरी अश्वजितला ओढत होतं — मनगटाला धरून, खांदा निखळेल इतक्या जोरात, सतरंजीसकट, उंबऱ्यावरून, पायरीवरून, आणि मग तो अंगणाच्या मधोमध उन्हात गुडघ्यावर पडला होता आणि सुदर्शन त्याच्यासमोर उभा राहून इमारतीकडे बघत होता. दाराशी झोपलेला माणूस. ज्याला बाहेर पडायला एक पाऊल टाकायचं होतं. तो आधी आत गेला होता.

शेजारच्या खोलीतल्या दोघी खिडकीत आल्या. तनुजा बघत राहिली आणि मग हसत सुटली. "अहो ट्रॅक्टर हाय तो! उसाचा!"

सुदर्शनने ट्रॅक्टरकडे पाहिलं. ट्रॅक्टर गाणी म्हणत गेला. सुदर्शनच्या कपाळावर घाम होता, आणि तो हसायचा प्रयत्न करत होता, पण तोंडाचा अर्धाच भाग ऐकत होता.

"ह्या किल्लारीकडच्यांचं असंच असतंय," तनुजा खिडकीतून म्हणाली. "आमच्या दवाखान्यात एक पेशंट होती, पलंग दाराशी लावा म्हणून रडायची."

"आमच्याकडं घरोघर हाय ते," सुदर्शन अश्वजितला म्हणाला, माफी मागितल्यासारखं. "भांड्यावर भांडं ठेवायचं. भुई हलली की आधी भांडं पडतंय. मग पळायचं."

"तुम्ही भूकंपात..."

"छे, मी जन्मलो बी नव्हतो. त्र्याण्णवचा तो. पण मायला अजून झोप लागत न्हाई ग्लास ठेवल्याबिगर, आणि तिच्यामुळं आम्हाला. सरकारनं घर दिलं नंतर, चांगलं सिमिटाचं. त्यात कडबा ठेवतो, ज्वारीची पोती ठेवतो. आम्ही समोर पत्रे मारून राहतो. पोत्यावर पडलं छत तर पडू द्या." मग तो म्हणाला, "म्हणून विचारलं सकाळी. पत्र्यातला माणूस असला की मला जरा बरं वाटतंय. स्लॅबखालचा माणूस म्हणलं की... फिकीर लागती."

अश्वजित गुडघे झटकत उठला. म्हणजे 'च्' हा आवाज... वडिलांच्या स्लॅबवर... बरं.

"पण ग्लास घरचाच कशाला? इथं ग्लास होते की."

"आवाज," सुदर्शन म्हणाला. "ह्याचा आवाज मी झोपेत ओळखतो. दुसरा पडला तर वाटतंय, मांजर असंल."

सगळं जुळत होतं, आणि जुळतंय हेच अश्वजितला खटकत होतं. चहाचं काय? वरून धार सोडून पाणी पितो त्याचं काय? भूकंपात कप उष्टा होतो का? विचारावं... पण ज्या माणसाने नुकतंच आपल्याला मनगटाला धरून उन्हात आणून टाकलं त्याला चहा का घेत नाही हे कसं विचारणार. आणि मनगट! आत्ता बाही खाली होती, बटण लावलेलं. झोपताना दुमडली होती का? त्याने धरलं ते कापडावरून धरलं की कातडीला? अश्वजितने मनगट उलटंसुलटं करून पाहिलं. लाल वळ होता. पण वळ काय, बाहीवरूनही उठतो. याला आठवत असेल का, कुठे धरलं? आणि मला आठवत नाही, मला — ज्याला कोणाच्या पापणीची हालचाल दहा वर्षांनी आठवते! एकदाच कोणीतरी विचार न करता हात लावला, की लावला नाही, आणि मी नेमका तेव्हा झोपेत...

झोपेत नव्हतो मी. मी त्याच्याविरुद्ध पुरावे मांडत होतो.

रुद्राणीताई अंगणात आल्या, हातात फोन. "हे बघा, संध्याकाळची वाट कशाला, मी आताच नावं कळवायलेय. सुदर्शन तर सकाळीच हो म्हणलाय. अश्वजित, तुमचं?"

सकाळीच? मला पाहिल्या पाहिल्या? विचार न करता हो म्हणणारा माणूस एकतर भोळा असतो, नाहीतर त्याने आधी फार विचार करून ठेवलेला असतो — "कळवा," अश्वजित म्हणाला. आणि स्वतःच दचकला. बाकीचे विचार आत झोपलेले होते. हा एक शब्द दाराशी झोपला असावा, तो आधी बाहेर पळाला.

हॉलमध्ये परत गेले तेव्हा सुदर्शन ग्लास शोधत होता. तो बाकाखाली सापडला. मघाच्या ओढाताणीत कोणाचा तरी पाय त्याच्यावर पडला होता, बहुतेक अश्वजितचाच. काठ चेपून ग्लासाचं तोंड वाकडं झालं होतं. सुदर्शनने तो फरशीवर हलकेच आपटून पाहिला. बद्द. पुन्हा आपटला. बद्द. तो खाली बसला.

"गेला ह्याचा आवाज."

तेवढंच म्हणाला, पण असं म्हणाला की तनुजासुद्धा हसली नाही. ताटलीतल्या ग्लासांकडे त्याने पाहिलं आणि नजर काढून घेतली. अश्वजितला कळलं की हा माणूस आता डोंगरावर झोपणार नाही. शिमग्यापर्यंत दाराशी बसून राहील, डोळे उघडे टाकून, आणि शेजारी आपण.

पिशवी समोर होती. काही न करणं सहज शक्य होतं. तो ग्लास टॉवेलात होता, कोणाला माहीत नव्हता. आणि आजोबांनी तो कोणाच्या हातात द्यायला घेतलेला नव्हता, उलट कोणाच्या हातातलं काही आपल्याला घ्यावं लागू नये म्हणून घेतला होता. मी जर तो दिला आणि यानं म्हटलं, 'नको, राहू द्या'... ते दोन शब्द ऐकण्यापेक्षा न झोपलेलं बरं. अश्वजितने टॉवेल सोडला. ग्लास बाकावर ठेवला, हातात दिला नाही. बाकावर.

"हा बघा, जमतोय का."

सुदर्शनने ग्लास उचलला. पूर्ण पंजात धरून, काठाला बोटं लावून — काठालाच, अश्वजितने नीट पाहिलं — तो उजेडाकडे फिरवला आणि ठिपके वाचले.

"ज्ञानोबा कोण?"

"आजोबा."

"हां," सुदर्शन म्हणाला. पुढचं विचारलं नाही. अश्वजितला एकदम वाटलं की विचारावं. बाजार, हॉटेल, कान तुटलेला कप, सगळं ओठावर येऊन उभं राहिलं, पण न विचारता सांगायची त्याला सवय नव्हती. सुदर्शनने नखाने टिचकी मारली, ग्लास कानाशी नेला. "बारीक हाय आवाज. पण चोख हाय. शिकावा लागंल."

"शिकावा म्हंजे?"

सुदर्शन दाराशी जाऊन सतरंजीवर आडवा झाला, हात छातीवर घेतले, डोळे मिटले. "पाडा."

"काय?"

"ग्लास पाडा. बाटलीवरून. मी ऐकतो."

अश्वजितने इकडेतिकडे पाहिलं. भिंतीवरचे सगळे पहिले आलेले त्याच्याकडे बघत होते. त्याने बाटली उभी केली, आजोबांचा ग्लास झाकणावर ठेवला आणि बोटाने ढकलला.

"आणिक एकदा."

पुन्हा ढकलला.

"जरा लांबून. मी झोपेत हाय असं समजा."

तनुजा दारात आली. "ताई, ह्यांचं काय चाललंय?"

"चालू दे," आतून रुद्राणीताईंचा आवाज. "वर जाऊन भांडण्यापेक्षा बरं हाय."

ग्लास पडत होता, उचलला जात होता, पडत होता. पहिला पोचा गेला तेव्हा अश्वजितने तो अंगठ्याने चोळून पाहिला. दुसरा जरा कमी चोळला. आईला काय सांगायचं? आजोबांनी ज्याला कधी धक्का लागू दिला नाही तो ग्लास मी लातूरला मुद्दाम पाडून राहिलो, एका माणसाला झोप यावी म्हणून, ज्याचं आडनाव मला माहीत नाही.

"आला ध्यानात," सुदर्शन उठून बसला. "आता तुम्ही झोपा. मी पाडतो."

"मला कशाला?"

"एका खोलीत दोघं हावोत तर दोघांना ओळखता आला पाहिजे. मला झोप लागली तर?"

हे बरोबर होतं. ते बरोबर आहे म्हणून अश्वजितने त्यात काय काय असू शकेल ते पाहिलं, काही सापडलं नाही, आणि सापडलं नाही म्हणून तो जरा अस्वस्थपणेच सतरंजीवर आडवा झाला. दाराशी. ऊन पायावर. सतरंजीला दुसऱ्याच्या पाठीची ऊब अजून होती. त्याने डोळे मिटले.

काही पडलं नाही.

तो वाट पाहत राहिला. डोक्यामागे कुठेतरी तो माणूस उभा होता, आजोबांचा ग्लास हातात घेऊन, आणि पाडत नव्हता. का पाडत नाही? झोपेत असताना अचानक पाडायचा असेल. की बघतो आहे माझ्याकडे? की त्यातून पाणी पितो आहे — आवाज न करता, काठाला ओठ लावून, की वरून धार सोडून... उघडावेत डोळे आणि बघावं. पण उघडले तर शिकणं राहील. आणि चहा का घेत नाहीस रे तू... आणि तुझं आडनाव...

त्याने एकच डोळा उघडला, अगदी किलकिला, आणि माणसाऐवजी त्याला वरचा स्लॅब दिसला. सकाळपासून तो तिथेच होता. पंख्याच्या हुकापासून कोपऱ्याकडे एक केसाएवढा तडा गेलेला. अश्वजितने आयुष्यात स्लॅब टाकून घेतले होते, पाणी मारून घेतलं होतं, खालून टेकू काढून घेतले होते, पण त्यांच्याखाली पडून असं वर कधी बघितलं नव्हतं. आत्ता उमरीत आई दुपारची आडवी झाली असेल, लुंबिनी तिच्या पायाशी, आणि वर वडिलांचा स्लॅब, ज्याच्या कडेला दोन अंगठे दिसतात. तिथे बाटलीवर काही ठेवलेलं नाही. ग्लास मी घेऊन आलो.

त्याने डोळा मिटला, लगेच पुन्हा उघडला. तडा तिथेच होता. तो आपल्याकडे बघतो आहे, आणि आपण बघितलं की बघत नसल्यासारखं करतो आहे, असं अश्वजितला वाटलं. त्याने कान मागे लावले, जिथे तो दुसरा श्वास धरून उभा होता, आणि स्वतःचाही श्वास धरला. ग्लास अजून पडला नव्हता.